शक्तीचं सोंग आणता येत नाही

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

‘मी ३४ वर्षांची. माहेर चिपळूणकडचं, सासर देवगड तालुक्यात. एका पतसंस्थेत कॅशियर आहे. गेल्या वर्षी माझ्या सहा वर्षांच्या मुलाला ऑटिझम असल्याचं निदान झालं. त्या धावपळीत माझीही तपासणी झाली आणि मीही ऑटिस्टिक असल्याचं कळलं. मग वाचत गेले तेव्हा समजलं की मी जन्मभर जे करत आले त्याला मास्किंग, म्हणजे मुखवटा घालून वावरणं, म्हणतात. हसायचं कधी, हे मी जावेच्या तोंडाकडे बघून ठरवते. उद्या गिऱ्हाइकांशी काय बोलायचं ते रात्री घोकून ठेवते. लग्नानंतर सहा महिन्यांत मालवणी शिकले म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं, पण एकेक वाक्य मी पाठ केलं होतं. संध्याकाळी घरी आले की तोंडातून शब्द फुटत नाही. सासूबाई म्हणतात, “इतकी वर्सां बरी होतंस, आता कागद गावलो म्हणान सोंगां करतंस.” मला हे सगळं सोडून खरं जगायचं आहे, पण खरी मी कोण तेच ठाऊक नाही. शाळेत असताना एसटी डेपोचं अख्खं वेळापत्रक मला पाठ होतं. सातवीत मुली हसल्या, तेव्हापासून ते बंद. गणपतीला पाच दिवस घरात पंचवीस माणसं असतात. गेल्या वर्षी विसर्जनानंतर तीन दिवस उठता आलं नव्हतं. कधी कधी वाटतं, सगळंच थांबावं. सुरुवात कुठून करू?’

प्रिय ताई,

शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं एक वाक्य तुम्ही टाकलं आहे: सगळंच थांबावं असं वाटतं. बाकीचं नंतर. थांबावं म्हणजे ही ओढाताण थांबावी, की आपण असणंच थांबावं, हे आधी स्वतःला विचारा. दुसरं उत्तर आलं, किंवा नक्की काय ते कळेना, तर आजच नवऱ्याला किंवा भरवशाच्या माणसाला सांगा. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि मराठीत बोलता येतं. फोनवर शब्द फुटणार नसतील तर तीन वाक्यं कागदावर लिहून ती वाचून दाखवा: मी ऑटिस्टिक आहे. मला जगणं नको वाटतं आहे. मी शांतपणे बोलते आहे म्हणून मी बरी आहे असं समजू नका. तिसरं वाक्य गाळू नका. वर्षानुवर्षं चेहरा सांभाळलेलं माणूस मोठ्या संकटातही नीटनेटकं, हसतमुखाने बोलतं आणि समोरच्याला, अगदी डॉक्टरलाही, पत्ता लागत नाही. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या ऑटिस्टिक प्रौढांच्या एका अभ्यासात मास्किंग आणि आत्महत्येचे विचार यांचा संबंध आढळला होता. म्हणून हे वाक्य आम्ही सर्वांत वर घेतलं.

आता सासूबाईंचा शब्द. सोंग. तो तुम्हाला लागला आहे हे पत्रातून कळतं. त्यांचा काळाचा हिशोब उलटा लागला आहे, इतकंच. इतकी वर्षं त्यांना दिसली ती ‘बरी’ सून घडवायला तुम्ही दिवसाचे बारा-चौदा तास खपत होतात. आता दिसतो आहे तो त्या खपण्याचा थकवा. आणि सोंग म्हणावं तर तुमच्या जिल्ह्यात दशावतार सगळ्यांनी पाहिलेला असतो. राजा रंग लावून उभा राहतो तेव्हा गावाला ठाऊक असतं की हे सोंग आहे, त्यालाही ठाऊक असतं, आणि पहाटे रंग पुसून तो चहा प्यायला बसतो. तुम्ही रंग लावला तेव्हा चार-पाच वर्षांच्या असाल. लावला आहे हे तुम्हालाच माहीत नव्हतं आणि पुसायची पहाट कधी झाली नाही. यात फसवणूक कुठेच नाही. लहान मुलीने मार, टोमणे आणि एकटेपणा टाळायला शोधलेली ती युक्ती होती. आपल्याकडे म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. शक्तीचंही येत नाही, ताई. संध्याकाळी सात वाजता शब्द फुटत नाहीत, कारण तोवर गल्ला रिकामा झालेला असतो.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. ऑटिझमला मराठीत ‘स्वमग्नता’ म्हणतात. शब्द रूढ आहे, सरकारी कागदांवरही तोच असतो, पण तुमच्यासारख्यांच्या बाबतीत तो फार अन्याय करतो. जावेचं हसू, गिऱ्हाइकाची भुवई, सासूबाईंच्या भांडं ठेवण्याच्या आवाजातला राग हे सगळं दिवसभर टिपत बसणारी बाई स्वतःत मग्न कशी? तिला स्वतःकडे बघायला क्षणभर फुरसत मिळालेली नाही. म्हणूनच ‘खरी मी कोण’ हा प्रश्न तुम्हाला पडतो.

मास्किंग हे एकच काम नाही, तीन कामं आहेत, आणि ती वेगळी केल्याशिवाय सुरुवात करता येत नाही. पहिलं भरपाईचं: जे आपसूक येत नाही ते घोकून, नक्कल करून आणायचं. तुमची रात्रीची उजळणी आणि मालवणी यात येते. दुसरं झाकण्याचं: हात हलवणं, झुलणं, कान झाकणं, कंटाळा, वेदना हे दिसू द्यायचं नाही. तिसरं मिसळण्याचं: नको असताना गर्दीत बसायचं आणि मजा येते आहे असं दाखवायचं. संशोधक मास्किंग मोजायला जी प्रश्नावली वापरतात, कॅट-क्यू, तिच्यातही असेच तीन गट आहेत. ती २०१९ ची आहे. २५ विधानं, प्रत्येकाला १ ते ७ गुण, म्हणजे कमीत कमी २५ आणि जास्तीत जास्त १७५. तिने निदान होत नाही; तुमचं निदान झालेलंच आहे. तुमच्या मानसतज्ज्ञांकडून ती भरून घ्या आणि एकूण बेरजेपेक्षा कोणत्या गटात गुण चढले ते बघा. भरपाई जास्त असेल तर डोकं थकतं, झाकणं जास्त असेल तर शरीर थकतं, मिसळणं जास्त असेल तर मन विटतं. ढोबळ मानाने असं धरून चालायला हरकत नाही.

यात सगळी उणीव तुमचीच, हा समजही जरा बाजूला ठेवा. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये मांडलं की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं: ऑटिस्टिक माणसाला इतरांचं कळत नाही, तसंच इतरांनाही ऑटिस्टिक माणसाचं कळत नाही. पुढे २०२० मध्ये एडिनबरा विद्यापीठाच्या संशोधकांनी आपल्या कानगोष्टींच्या खेळासारखा प्रयोग केला. आठ-आठ जणांच्या साखळीतून एक गोष्ट पुढे सांगत न्यायची. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत ती जवळजवळ तितकीच शाबूत पोचली जितकी सगळे बिगर-ऑटिस्टिक असलेल्या साखळीत. गळती झाली ती मिश्र साखळीत. तुमचं घर, तुमची पतसंस्था या मिश्र साखळ्या आहेत आणि आजवर गळतीचा सगळा भुर्दंड तुम्ही एकटीने भरला आहे.

सुरुवात मात्र रक्ततपासणीपासून करा. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२, ड जीवनसत्त्व, साखर. चौतिशीतल्या बाईचा थकवा निव्वळ मास्किंगचा आहे असं गृहीत धरू नये. रक्त कमी असेल तर पुढचा कोणताही उपाय पुरता लागू पडणार नाही. अनेक ऑटिस्टिक बायकांना पाळीच्या आधीचा आठवडा फार जड जातो. आवाज, वास, कपडा सगळंच तेव्हा टोचतं. त्या तारखाही मांडून ठेवा.

मग दोन आठवडे फक्त नोंद. काहीही बदलायचं नाही. छोटी वही, तीन रकाने: कुठे आणि कुणाबरोबर; काय झाकलं किंवा घोकलं; नंतर किती वेळाने ताळ्यावर आले. हा तिसरा रकाना महत्त्वाचा. एखादी गोष्ट तेव्हा सोपी वाटते आणि तिची किंमत तीन तासांनी वसूल होते, म्हणून ‘कसं वाटलं’ यापेक्षा ‘किती वेळ लागला’ हे विश्वासाचं माप आहे. दोन आठवड्यांनी तिसऱ्या रकान्यातले सर्वांत मोठे तीन आकडे शोधा. बहुतेकांना इथे धक्का बसतो. ज्याला आपण मोठं संकट समजत होतो, समजा साहेबांची बैठक, तिचा भाव कमी निघतो, आणि चहाच्या सुट्टीतल्या पंधरा मिनिटांच्या गप्पा दिवस खाऊन टाकतात.

आता सगळ्यांत जास्त चुकतं ते इथे. मुखवटा सापडला की माणूस तो आठवड्याभरात ओरबाडून काढायला बघतं. घरात जाहीर करतं, कामावर जाहीर करतं, हसायचं बंद करतं, फोन घ्यायचं बंद करतं. भोवतालचे गोंधळतात, दुखावतात, कुणी चिडतं. मग भीतीने मुखवटा पहिल्यापेक्षा घट्ट बसतो आणि ‘हे आपल्याला जमण्यातलं नाही’ अशी खूणगाठ बांधली जाते. म्हणून क्रम ठेवा. आधी एकटीत, मग एका भरवशाच्या माणसासमोर, मग घरात, सर्वांत शेवटी कामाच्या जागी. आणि आधी शरीर, शब्द नंतर.

एकटीत मास्किंग कसलं, असं वाटेल. पण दार लावून बसलेल्या बाईचाही पदर नीट असतो, पाय स्थिर असतात, चेहऱ्यावर कुणी पाहत असल्यासारखा भाव असतो. तिथून सुरुवात करा. कोकणातल्या घरांत पडवीत झोपाळा असतो, तुमच्याकडेही असेल. झुलण्याने अनेक ऑटिस्टिक माणसांचं शरीर निवतं, आणि झोपाळ्यावर झुलणाऱ्या बाईला कुणी वेडी म्हणत नाही. कामावरून आल्यावर पंधरा ते वीस मिनिटं, एकाच लयीत, कुणाशी न बोलता. झोपाळा नसेल तर जड गोधडी चौपदरी घडी करून मांडीवर आणि खांद्यांवर. दाबानेही तेच साधतं. तांदूळ निवडणं, शेंगा सोलणं यांसारखी एकसुरी हातकामं ज्यांना आवडतात त्यांना ती चालतात. हात झटकावेसे वाटले तर झटकू द्या. पहिले काही दिवस हे सगळं खोटं, नाटकी वाटेल. तीस वर्षं आवळलेला स्नायू सुटताना अवघडणारच.

भूक, तहान, लघवी यांची जाणीव अनेक ऑटिस्टिक माणसांना उशिरा होते, आणि झाकायची सवय असेल तर आणखी उशिरा. म्हणून जाणिवेवर अवलंबून राहू नका, घड्याळावर राहा. दर दोन तासांनी पाणी, दर तीन तासांनी बाथरूम, साडेचार-पाचला काहीतरी पोटात. संध्याकाळी सातचं ते शब्द न फुटणं थोडं तरी इथे हलकं होतं.

हे करू लागल्यावर घरचे म्हणतील, आणि तुम्हालाही वाटेल, की आपण पूर्वीपेक्षा जास्त ऑटिस्टिक दिसतो आहोत. दिसणारच, झाकलेलं उघडं पडतं आहे. पण दोन गोष्टींत फरक करायला शिका. मुखवटा सैल होत असेल तर दिवसाअखेर थोडी शक्ती उरू लागते. याउलट तीन महिन्यांहून जास्त काळ शक्ती उरतच नाही, पूर्वी सहज जमणारा स्वयंपाक किंवा हिशोब जमेनासा होतो, आवाज-उजेड आधीपेक्षा जास्त सोसवत नाहीत, तर ते ऑटिस्टिक बर्नआउट असू शकतं. त्याला रजा लागते, जबाबदाऱ्या कमी कराव्या लागतात, रोजच्या पंधरा मिनिटांनी ते भरून येत नाही. नैराश्यात आवडीच्या गोष्टींची ओढच आटते. बर्नआउटमध्ये ओढ असते, त्राण नसतं. दोन्ही एकत्रही असू शकतात आणि नैराश्याला उपचार आहेत, त्यामुळे हा निवाडा डॉक्टरांवर सोडा. मुंबई-पुण्याला जाणं जमत नसेल तर रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, नाव ऐकून बिचकू नका.

घरात सासूबाईंना ऑटिझम समजावून सांगायला बसू नका, आत्ता तरी नको. व्याख्यान दिलं की वाद होतो. एक नेमकी गोष्ट मागा, छोटी, रोजची, वेळ ठरलेली: संध्याकाळी घरी आल्यावर अर्धा तास कुणी काही विचारायचं नाही. आणि ते त्यांच्याच बोलीत सांगा: ‘आई, माका अर्धो तास गप रवाचा आसा, मगे येतंय.’ यातला ‘मगे येतंय’ फार मोलाचा आहे. आपल्या घरांत आत जाऊन बसलेली सून रुसली असंच धरतात. परत येण्याची वेळ सांगितली आणि खरोखर त्या वेळेला आलात, की आठ-दहा दिवसांत रुसव्याचा संशय मावळतो. शब्दच फुटत नसतील त्या दिवसांसाठी नवऱ्याबरोबर आधीच खूण ठरवा: व्हॉट्सअॅपवर एक ठरलेलं चिन्ह, किंवा फ्रिजवरचं चुंबक एका बाजूचं दुसऱ्या बाजूला. ते दिसलं की त्याने मुलाचं जेवण आणि आलेल्या-गेलेल्याशी बोलणं आपल्याकडे घ्यायचं. खूण शांत दिवशी ठरवायची असते, शब्द गेल्यावर ठरवता येत नाही.

पतसंस्थेत तुम्हाला निदान सांगायलाच हवं असं नाही. खरं जगणं म्हणजे सर्वांना सर्व सांगणं, हा एक चुकीचा समज आहे. गरज मागा, नाव मागाहून. ‘सूचना लेखी दिलीत तर माझ्याकडून चूक होत नाही’ याला कुणी हरकत घेत नाही. नोटा मोजायचं मशीन तुमच्या कानाशी असेल तर ते टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, खाली जाड रबरी चटई घालून. डोक्यावरची ट्यूब लुकलुकत असेल तर एलईडी. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघायची गरज नाही, पासबुक आणि स्लिपकडे बघून बोलणारा कॅशियर उद्धट वाटत नाही, काळजीपूर्वक काम करणारा वाटतो. खिडकीवरची तीन-चार पाठ वाक्यं मात्र सोडू नका. ती प्रत्येक कॅशियरची पाठच असतात आणि त्यांची किंमत फार कमी आहे. किंमत आहे ती रात्रीच्या घोकंपट्टीची. ती एकदम बंद होणार नाही, तिला कागदावर आणा: दहा मिनिटं, उद्याच्या फक्त अवघड दोन गोष्टी लिहायच्या, वही मिटायची. जेवणाची सुट्टी आठवड्यातून तीन दिवस एकटीने घ्या, दोन दिवस सगळ्यांबरोबर.

पुढेमागे निदान सांगावंसं वाटलं तर कायदा ठाऊक असावा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या यादीत २१ दिव्यांगत्वं आहेत, ऑटिझम त्यांत आहे, आणि त्या कायद्याच्या ‘खासगी आस्थापना’ या व्याख्येत सहकारी संस्थाही येतात. प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करावं असं तो सांगतो. तालुक्याच्या पतसंस्थेत असा कागद तयार सापडेल अशी अपेक्षा ठेवू नका. प्रमाणपत्राच्या मागे लागलात तर एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. त्यासाठी वापरली जाणारी इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम ही ४० मुद्द्यांची मोजपट्टी बाहेरून दिसणाऱ्या वागण्यावर गुण देते, ४० ते २०० पर्यंत, आणि ७० च्या खाली ऑटिझम नाही असं धरते. आयुष्यभर झाकलेल्या बाईचे गुण तिथे कमी येऊ शकतात. त्याने तुमचं निदान खोटं ठरत नाही. सवलतींसाठी लागणारं ४० टक्क्यांचं प्रमाण मिळालं नाही, इतकाच त्याचा अर्थ.

आता गणपती. पाच दिवस, पंचवीस माणसं, वर पत्र्यावर भाद्रपदातला पाऊस आणि आत टाळ-झांजा. याची तयारी नारळ-गुळाच्या यादीबरोबरच सुरू व्हायला हवी.

चाकरमानी यायच्या आधी नवऱ्याने, तुम्ही नव्हे, सगळ्यांना फोनवर एकदाच सांगायचं: तिला आवाजाचा त्रास होतो, ती अधूनमधून आत जाऊन बसेल, जेवायला येईल. माफी नाही, निदान नाही, स्पष्टीकरण नाही. आत म्हणजे कुठे, तेही ठरलेलं हवं: कोठीची खोली, माळा, मागीलदारची पडवी, जिथे पाहुण्यांच्या बॅगा ठेवल्या जाणार नाहीत अशी एक जागा. तिथे गोधडी, पाण्याची बाटली, पंखा. एक तास माणसांत, वीस मिनिटं आत, घड्याळ लावून. त्रास होईपर्यंत थांबायचं नाही. जबडा आवळला गेला, सगळ्यांचे आवाज सारख्याच मोठ्याने ऐकू येऊ लागले, नेहमीचा शब्द आठवेना, ही लक्षणं दिसली तर उशीर झालेला असतो, तेव्हा वीसची चाळीस मिनिटं लागतात.

आरतीला कानांत फोमचे इअरप्लग. पाकिटावर २५ ते ३० डेसिबल असं लिहिलेले घ्या, प्रत्यक्षात आवाज त्याहून कमी अडतो. बोटांत वळून वातीसारखा बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत तीस सेकंद बोट धरून ठेवायचं. ‘काही फरक पडत नाही’ म्हणणाऱ्या बहुतेकांचा तो अर्धाच आत गेलेला असतो. दिवसभर मात्र घालून बसू नका. शांत वेळी घातलेल्या प्लगने कान आणखी हळवे होतात. उभं राहायचं ते दाराशी, झांजवाल्यांच्या मागे. रात्री भजनी मंडळी येतील तेव्हा तुमची पाळी उसळ गरम करायची लावून घ्या, म्हणजे स्वयंपाकघरात असण्याला कारण राहतं.

एकूणच, माणसांत बसण्यापेक्षा शेवट दिसणारं काम पत्करा. पहाटे सगळे उठायच्या आधी दूर्वा निवडून एकवीसच्या जुड्या बांधणं. गणपतीच्या वर बांधायच्या माटवीचं सामान यादीप्रमाणे मांडून ठेवणं. पाच दिवसांचा बाजाराचा हिशोब, जो तुमच्याइतका चोख घरात कुणाला जमणार नाही. फुगड्यांना बोलावलं तर शरीराला विचारा. गरगरणं अनेक ऑटिस्टिक माणसांना अतिशय सुखाचं असतं. तसं असेल तर मनसोक्त घाला, नसेल तर टाळ्या वाजवायलाही तिथे उभ्या राहू नका. नवी काठापदराची साडी चतुर्थीला पहिल्यांदा नेसू नका, आधी दोनदा धुवा, नाहीतर जुनी सुतीच बरी. आणि विसर्जनानंतरचे दोन दिवस रजा आत्ताच टाकून ठेवा. त्या दोन दिवसांत भाताची पेज, लोणचं, अंधारी खोली. धुणं जावेकडे. गेल्या वर्षीचे तीन दिवस आजारपणाचे नव्हते, पाच दिवसांत उचललेली उसनवारी फेडण्याचे होते. या वर्षी ती थोडी कमी उचलायची आहे.

मुलाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण तो तुमच्याकडे बघूनच शिकतो आहे. ‘डोळ्यांत बघून बोल’, ‘हात खाली ठेव’ हे त्याला घरात कुणी सांगू नये, तुम्हीही नाही. शाळेत दिवसभर आवरून बसलेलं मूल घरी आल्यावर भडकतं किंवा मिटतं. दप्तर टाकल्यावर पाऊण तास प्रश्न नकोत: अभ्यास काय, डबा संपवला का, काही नाही. खाणं समोर ठेवायचं आणि झोपाळा मोकळा ठेवायचा. ‘मला थांबायचं आहे’, ‘आवाज नको’, ‘मदत हवी’ ही वाक्यं मात्र त्याला पाठ करून द्या. पाठ केलेलं सगळंच मुखवटा नसतं. जे आपल्याला हवं तेव्हा वापरता येतं आणि हवं तेव्हा बाजूला ठेवता येतं, ते कौशल्य.

हीच कसोटी तुमच्या ‘खरी मी कोण’ला लावून पाहा. एकेक सवय घ्या आणि विचारा: हे मी केलं नाही तर कुणीही नाराज होणार नाही, अशी खात्री असती तर मी हे केलं असतं का? चहाच्या सुट्टीतलं हसू कदाचित गळेल. मालवणी कदाचित राहील, कारण पाठ करून शिकलेली भाषाही आपली होते, आणि तुमचा कान तिच्यासाठी किती तयार आहे ते सहा महिन्यांत दिसलं. थकलेल्या दिवशी छापील मराठीच तोंडात आली तर ती येऊ द्या. काही सवयींचं उत्तर दोन-तीन वर्षं मिळणार नाही. घाई नाही.

आणि जिथे हे शोधणं सोपं आहे ते तुम्हीच लिहून पाठवलं आहे. आवड झाकायला लागण्याआधी आपल्याला काय आवडत होतं, हे अनेकांना भावंडांना विचारावं लागतं. तुम्हाला ते इयत्तेसकट आठवतं आहे: एसटीचं वेळापत्रक. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्यांच्या वेळा बदलतात, आणि एसटीच्या जोड-गाड्यांचा मेळ बसता बसत नाही. चाकरमान्यांपैकी कोण कोणत्या गाडीने कणकवलीला उतरणार आणि तिथून देवगडची कोणती एसटी मिळणार, याचा तक्ता या वर्षी तुम्ही करा. मोठ्या कागदावर, रंगीत पेनांनी, मुलाला शेजारी घेऊन. पडवीत सगळ्यांना दिसेल असा लावा.